पहिली काडी आत

आमच्या घरात सगळ्यात निरुद्योगी दिसणारं काम माझं आहे. मी खिडकीशी बसते आणि उदबत्ती जळताना बघते. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आईला वाटलं, लेकीला सासरी कामच देत नाहीत, फार लाडात ठेवलीय. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

पण बघणं म्हणजे काय ते सांगते. काडी पेटवायची, ज्योत लगेच हाताने हलवून घालवायची आणि टोकाच्या निखाऱ्याकडे बघत बसायचं. निखारा चारी अंगांनी सारखा खाली उतरला पाहिजे. एका अंगाने पळाला तर वळणारीने मसाला तिकडे जाड लावलाय. तडतडला तर आत ओल आहे. धूर हातभर सरळ जाऊन मगच सुटा व्हावा. राख बोटाच्या पेराएवढी झाली तरी गळू नये, नुसती वाकावी. आणि काडी पाऊण तास चालावी. माझ्या नाकावर राग असतो असं घरातले सगळे म्हणतात. असेल. पण मी पाऊण तास एका जागी बसून राखेकडे बघू शकते, हे कुणी म्हणत नाही.

आमच्या कामाच्या खोल्या तीन, एकामागे एक. रस्त्याकडच्या खिडकीची माझी. मधल्या खोलीत पाटांवर तीन बायका काड्या वळतात. त्यांतली सगळ्यात जुनी ती मावशी. नेमकी कुणाची मावशी ते कुणालाच माहीत नाही. आणि सगळ्यात आतली, जाळीच्या दाराची, ती माझ्या थोरल्या जाऊबाईंची. डबे, चाळण्या, खल आणि मोठी परात तिथे. मसाला कालवायचा तो तिथेच, आणि तो फक्त जाऊबाईंनी. सासऱ्यांनी ही विद्या त्यांना दिली, स्वतःच्या दोन मुलांना दिली नाही. मुलांना नाक नाही असं ते चारचौघांत सांगायचे. म्हणून भाऊजी बांबूच्या काड्या तासतात आणि आमचे हे खोकी बांधून माल पोचवतात.

सासऱ्यांचा एक नियम आम्ही अजून पाळतो. कुठल्याही घाण्याची, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मसाल्याची, पहिली वाळलेली काडी आत जाते. जाऊबाई ती पेटवतात, मागच्या दाराने बाहेर पडतात, शंभर पावलं चालून परत येतात आणि उंबऱ्यावर उभं राहून वास घेतात. दिवसभर मसाल्यात बसलेलं नाक झोपतं, त्याला बाहेर नेऊन जागं करून आणावं लागतं, असं सासरे सांगायचे. जाऊबाई "बरं" म्हणाल्या की वासाचा प्रश्न मिटला. मग दुसरी काडी माझ्याकडे.

दोन वर्षांपूर्वी याच दोन काड्यांवरून आमचं वाजलं. एक घाणा मधेच विझत होता. मी मधल्या खोलीत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "वास छान आहे हो, पण जळतंय कुठे? लोकांनी काय काडी अत्तरासारखी कानाला लावून फिरायचं?" वळणाऱ्या बायका खो खो हसल्या, आणि तेच नडलं. जाऊबाई जाळीच्या दारात आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "नाक माझं, डोळे तुझे. आपापलं बघावं."

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणजे मावशीमार्फत चालू. "मावशी, आतल्यांना विचारा, मध संपलाय का." मावशी काडी वळता वळता म्हणायची, "मध संपलाय का?" आतून उत्तर यायचं, "बाहेरच्यांना सांगा, आहे." मावशी मला सांगायची, "आहे." तिघींना तिघींचं स्वच्छ ऐकू येत असे. आमच्या नवऱ्यांनी सुरुवातीला मध्ये पडून पाहिलं आणि मग शहाण्यासारखं अंग काढून घेतलं.

आमचा जीव आहे तो बारा नंबरच्या काडीवर. वाळा, चंदन, लोबान, राळ, नागरमोथा, मध. सासऱ्यांचा हा शेवटचा मसाला. बाकीचे अकरा येतात जातात, घर चालतं ते बाराने. तो कुठे लिहिलेला नाही. जाऊबाईंच्या नाकात आहे आणि हातात आहे.

गेल्या थंडीत जाऊबाई आठ दिवस तापाने झोपून होत्या. उठल्या, कामाला लागल्या. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी बारा नंबर बिघडायला लागला. आधी दहात एक काडी विझायची, मग तीन. मी मावशीमार्फत कळवलं. आतून उत्तर आलं की हवा दमट आहे. पुढच्या वेळी मसाला काडीला धरून ठेवणारी सालीची पूड जुनी निघाली. त्याच्या पुढच्या वेळी भाऊजींच्या काड्या ओल्या निघाल्या, आणि त्या माणसाने बिचाऱ्याने सगळ्या पुन्हा उन्हात घातल्या. वास भडक झालाय हे मला खिडकीत बसून जाणवत होतं. पण वास हे माझं खातं नव्हतं. मला सांगण्यात आलं होतं, आपापलं बघावं. मी तोंड मिटून बसले, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडं बरंही वाटत होतं. आता त्याची लाज वाटते.

मग एके सकाळी दुकानदार स्वतः आले. त्यांच्या चौकातल्या दुकानात आमचं बारा नंबर माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहे. मानेवर बारमाही मफलर, हातात आमचंच खोकं. ते मधल्या खोलीतच उभे राहिले.

"अर्ध्या विझतात," ते म्हणाले, "आणि ज्या विझत नाहीत त्यांनी गिऱ्हाईक खोकतं. मी किती दिवस सांभाळून घेऊ? सेंटात बुडवलेल्या यंत्राच्या काड्या रोज कुणीतरी दारात आणून देतं. तीन आठवड्यांनी मला नमुना दाखवा. पहिल्यासारखा असला तर दुकानातली फळी तुमची. नाहीतर मला माफ करा."

जाळीच्या दारामागे जाऊबाई उभ्या होत्या.  दुकानदार गेल्यावर त्या आत जाऊन हात धुवायला लागल्या, कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. हल्ली त्यांचं हे वाढलंच होतं. हात धुवायचे, दिवसातून तीनदा अंघोळ करायची, धुतलेले कपडे परत धुवायचे. मी यांना म्हणालेही होते, "तुमच्या वहिनींना या वयात नटायचं सुचलंय."

त्या दुपारी मी परत आलेल्या खोक्यातल्या वीस काड्या एकामागे एक जाळल्या आणि राख पांढऱ्या कागदावर घेतली. चांगल्या बारा नंबरची राख फिकट आणि मऊ पडते. ही काळपट होती, तिच्यात डांबरासारखे बारीक मणी होते. ती राळ. जास्त झालेली राळ वितळून निखाऱ्यावरच बसते आणि त्याचा श्वास कोंडते. राखेत मध्ये मध्ये न जळलेले धागे होते. तो वाळा, तोही दुप्पट. दमट हवा नव्हती, जुनी पूड नव्हती, भाऊजींच्या काड्यांचा काही दोष नव्हता. जाऊबाई प्रत्येक घाण्यात वासाचे जिन्नस वाढवत चालल्या होत्या. मीठ कमी लागलं की आपण वरून घालतो, तसं. पण बाकी सगळ्यांना मीठ जास्तच लागत होतं.

हे डोक्यात आलं आणि मागचं एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात चुलीवर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि जाऊबाई तिथेच दोन हातांवर भाजी निवडत बसल्या होत्या.

आता दुसरी कुणी असती तर जवळ जाऊन मायेने विचारलं असतं. मी काय केलं? मावशीकडून एक कोरी काडी वळून घेतली. कोळशाची पूड आणि सालीची चिकट पूड, बस्स. ना वाळा, ना चंदन, ना मधाचा थेंब. तीन दिवस सावलीत वाळवली आणि नव्या घाण्याची पहिली काडी म्हणून आत पाठवली.

मी मधल्या खोलीत उभी राहून जाळीतून बघत होते. जाऊबाईंनी काडी हातात घेतली, बोटांत फिरवली, थोडा वेळ तशीच धरली. मग पेटवली. मागच्या दाराने बाहेर गेल्या, शंभर पावलं चालल्या, परत आल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या. "वाळा छान उतरलाय."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. काडी तिनेच वळली होती. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी काहीतरी झणझणीत बोलेन, दोन वर्षांचं उट्टं काढेन. वाक्यंही तयार होती.  पण त्या बाईने तीस वर्षं ज्या नाकावर घर चालवलं ते नाक गेलं होतं, आणि ती ते एकटीने अंगावर घेऊन रोज परातीपुढे बसत होती. मी खिडकीत जाऊन बसले आणि रडले. धुराने डोळ्यांत पाणी येतं, एवढी एक सोय आमच्या धंद्यात आहे.

चार दिवस मी काहीच बोलले नाही. घरात सगळ्यांना मी आजारी आहे असं वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी, वळणाऱ्या बायका यायच्या आधी, मी जाळीचं दार ढकललं. दोन वर्षांत पहिल्यांदा. जाऊबाई सगळे डबे उघडून बसल्या होत्या आणि एकेक नाकाशी धरून खाली ठेवत होत्या. मला बघून त्यांनी डबा ठेवला नाही, तसाच हातात धरला.

"ताई," मी म्हणाले, "मी वास घेते. तुम्ही सांगा काय करायचं."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता हाकलणार. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, तापाने गेलंय, वर्षभरात येईलही परत. नाहीही येणार." आणि हातातला डबा माझ्यापुढे केला. "हं. कसा आहे?"

"छान आहे."

"छान हा काय वास झाला का? छान तर मला माहीतच आहे. कसा आहे ते सांग."

 राखेचे पंचवीस प्रकार मला सांगता येतात, पण वासाला शब्द कुठून आणायचे? मी डोळे मिटले. "रंधा मारलेली नवी फळी असते ना, तसा. आणि वर लिंबाची साल चोळल्यासारखी."

"राळ ताजी आहे म्हणजे. ठेव बाजूला. हा?"

"हा... दुधावरची साय. कपाटात ठेवलेली."

"साय कपाटात कोण ठेवतं, गधडे?" त्या म्हणाल्या. पण चेहरा सैल झाला होता. "चंदन आहे ते. बरोबर आहे, तसाच असतो. पुढे."

वाळा मला विहिरीत वाकून बघितल्यासारखा आला. लोबान तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा. नागरमोथा पेन्सिलीला टोक करताना शिंक यावी तसा. एकेका शब्दाला त्या मान हलवत होत्या, आणि त्यांना ते सगळं आतून आठवतंय हे मला दिसत होतं. नाक गेलं होतं, पण त्याने गोळा केलेलं सगळं जागच्या जागी होतं.

पहिला घाणा आम्ही त्या दिवशी लहान परातीत केला. पीठ किती घट्ट हवं ते त्यांची बोटं सांगत होती, त्यात माझी गरज नव्हती. तीन दिवसांनी काड्या वाळल्या. पहिली पेटवली आणि या वेळी शंभर पावलं मी चालले. उंबऱ्यावर आले.

"पुढे विहीर आहे," मी म्हणाले, "पण मागून दोरी जळाल्यासारखं येतंय. कडवट."

"वाळा खरखरीत राहिलाय. पुन्हा कुटून बारीक चाळणीतून काढायचा. राख?"

"वाकतेय, गळत नाही."

"मग राळ बसली."

दुसऱ्या घाण्यात दोरी गेली, पण सगळं झोपाळू झालं. मी म्हणाले नागरमोथा वाढवू. त्या म्हणाल्या, मामंजींनी कधी चिमटीच्या वर घातला नाही. मी म्हणाले, मामंजी आता कुठे वास घ्यायला येणार आहेत? मग जे भांडण झालं ते मधल्या खोलीत सगळ्यांनी हात थांबवून ऐकलं. दोन वर्षांचं तुंबलेलं बोलणं होतं, दूधही आलं त्यात आणि अंघोळीही, फक्त कोरी काडी आली नाही. ती मी गिळून ठेवली होती. शेवटी जाऊबाई दमून पाटावर बसल्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "नाक तुझं."

बाहेरून मावशीचा आवाज आला, "म्हणजे माझी नोकरी गेली वाटतं."

तीन आठवडे भरले त्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. काड्या दोन दिवस आधीच वाळल्या होत्या, मी त्यांतल्या नऊ जाळून बघितल्या होत्या.  जाऊबाई नाकासमोर बघून चालत होत्या, पिशवी दोन्ही हातांत घट्ट.

दुकानदारांनी काडी लावली, गल्ल्यावरून उठले आणि बाहेर गेले. सासऱ्यांनीच त्यांना ती सवय लावली असणार. काचेतून ते फुटपाथवर उभे दिसत होते, मफलर नीट करत. मग ते आत आले आणि दारातच थांबले.

"हा पहिला नाही," ते म्हणाले.

मी जाऊबाईंचा हात धरला. केव्हा धरला ते मला कळलं नाही.

"म्हणजे आहे तोच," ते पुढे म्हणाले, "पण मागे काहीतरी तिखट आहे. हे पूर्वी नव्हतं."

"ते तिखट म्हणजे ही," जाऊबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "माझी जाऊ."

दुकानदार हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढून आम्हाला बसवलं आणि काडी संपेपर्यंत बसून राहिले. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना सामान दिलं. कुणी खोकलं नाही. राख पेराएवढी झाली, वाकली, आणखी वाकली आणि तशीच राहिली. मी बघत होते म्हणून नव्हे, पण इतकी सुंदर राख मी वर्षभरात पाहिली नव्हती. काडी संपली तेव्हा पाऊण तासावर दोन मिनिटं गेली होती.

"पहिल्यासारखा नसला तरी खोटा नाही," दुकानदार म्हणाले. "या खेपेला ठेवतो. पुढची अशीच आली पाहिजे हं. परत बदलू नका."

बाहेर आल्यावर मला उडी मारावीशी वाटत होती. पण गिळलेली गोष्ट घशात टोचत होती, आणि आनंदात असताना मला खोटं पचत नाही.

"ताई, एक सांगायचंय," मी म्हणाले. "ती काडी. तुम्ही म्हणालात ना, वाळा छान उतरलाय. ती कोरी होती. मी मुद्दाम पाठवली होती."

"माहितीये."

मी रस्त्यातच थांबले.

"मधाची काडी बोटाला धरते," त्या म्हणाल्या. "ती कोरडी ठणठणीत होती. तीस वर्षं मसाला मळलाय मी, हातात घेतल्या घेतल्या कळलं."

"मग तसं का म्हणालात?"

"माझ्या तोंडून निघत नव्हतं गं. यांना सांगायला जायची आणि परत यायची. म्हटलं, धाकटीने सापळा लावलाय ना, मग पडू दे पाय. ती चारचौघांत बोलेल आणि सुटेन मी एकदाची." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि तू चार दिवस तोंड उघडलं नाहीस! एरवी तुझी जीभ आत राहत नाही. मला वाटलं, नाक गेलं, आता ही पण गेली हातातून."

 मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यात काही नव्हतं, तरी घेतली. आम्ही चालायला लागलो. कोपऱ्यावर कुणीतरी दाराला रंग देत होतं, मी ते त्यांना सांगितलं. मग चांभाराचा गोंद, ओल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, बसचा धूर, एकेक सांगत गेले. त्या ऐकत होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझं कोपर धरून मला थांबवलं.

"धाकटे, खरं सांगशील? सहा महिने झाले, कुणाला तरी विचारायचंय." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "माझ्या अंगाला कसला वास येतो गं? घाण येतो का? मला कळत नाही ना."

तीन अंघोळी. धुतलेले कपडे परत धुणं. आणि मी म्हणाले होते, नटायचं सुचलंय.

मी भर रस्त्यात त्यांच्या खांद्याला नाक लावलं. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. मी नीट, लांब श्वास घेतला, आणि मग नियम आठवला म्हणून दहा पावलं लांब जाऊन परत आले आणि पुन्हा घेतला.

"विहीर," मी म्हणाले. "मग साय. मग पेन्सिल."

"अजून?"

"आणि साबण. साबण फार होतोय, ताई. उद्यापासून एकदाच अंघोळ करा."